नवी वेबसाइट गूगलवर का दिसत नाही? देवगडच्या एका आंब्याच्या साइटची तपासणी

मार्च अर्धा सरला होता आणि देवगडहून आतेभावाचा, म्हणजे आमच्या दादाचा, फोन आला. "अरे, गूगलार आपली साइट खंयच दिसना नाय. पैसे पाण्यात गेले काय रे?"

दादाची हापूसची बाग आहे. माल वर्षानुवर्षं वाशीच्या बाजारात जायचा आणि दलाल सांगेल तो भाव घ्यायचा. त्या वर्षी थेट गिऱ्हाइकाला पेट्या पाठवायच्या म्हणून त्याने जानेवारीअखेर वेबसाइट करून घेतली. दिसायला देखणी होती: वर ड्रोनने टिपलेली बाग, खाली मोठ्या अक्षरांत फोन नंबर. दीड महिन्यात त्या साइटवरून एकच फोन आला, तोही दुसऱ्या एका साइट बनवणाऱ्याचा.

लहान धंदेवाल्यांच्या साइट बनवणं आणि बिघडलेल्या दुरुस्त करणं हेच माझं काम, त्यामुळे हे गाऱ्हाणं मला रोजचं आहे. त्यावर बाजारात मिळणारा सल्लाही ठरलेला: 'एसईओ करून घ्या', म्हणजे साइट गूगलवर वर यावी म्हणून करायची कामं. पण नेमकं कशासाठी, ते कोणी सांगत नाही. साइट तीनपैकी एका ठिकाणी अडते. एक तर ती गूगलला सापडलेलीच नसते. किंवा सापडलेली असते, पण त्याने ती आपल्या नोंदवहीत, म्हणजे इंडेक्समध्ये, घेतलेली नसते. किंवा घेतलेली असते, पण तिच्यापुढे रांग मोठी असते. लोक तिसऱ्या अडचणीवर पैसे ओततात आणि घोडं पहिल्याच ठिकाणी अडलेलं असतं. म्हणून खालचा क्रम मोडू नका. दादाच्या साइटची तपासणी मी याच क्रमाने केली.

(पायरी हा शब्द पुढे बऱ्याचदा येईल. दादाच्या मते पायरी रसालाच बरी.)

पायरी १: आधी कुठे अडलंय ते बघा

गूगलच्या चौकटीत इंग्रजीत 'साइट' हा शब्द टाका, त्याला चिकटून कोलनचं चिन्ह आणि त्यालाच चिकटून तुमच्या साइटचा पत्ता. मधे कुठेही जागा सोडायची नाही. पानं दिसली तर साइट नोंदवहीत आहे. काहीच आलं नाही तर बहुधा नाही. ही झाली ढोबळ चाचणी. हा आकडा पूर्ण नसतो असं गूगल स्वतःच सांगतं.

खरी तपासणी सर्च कन्सोलमध्ये होते. हे गूगलचं फुकट साधन आहे आणि नव्या साइटच्या मालकाने पहिल्याच दिवशी ते स्वतःच्या ईमेलवर उघडून घ्यावं. साइट बनवणाऱ्याच्या ईमेलवर नको, कारण तो उद्या फोन उचलेनासा झाला की किल्ल्या त्याच्याकडेच राहतात. साइट जोडताना 'डोमेन' हा पर्याय निवडा. त्यासाठी डोमेन, म्हणजे साइटच्या पत्त्याचं नाव, जिथून घेतलं तिथल्या डीएनएस सेटिंगमध्ये एक ओळ टाकावी लागते, पण मग डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेला, नसलेला, एचटीटीपी, एचटीटीपीएस असे सगळे पत्ते एकाच ठिकाणी दिसतात.

आत गेल्यावर वरच्या चौकटीत आपल्या पहिल्या पानाचा पत्ता टाका. पान नोंदवहीत आहे की नाही आणि नसेल तर का, हे तिथे स्पष्ट लिहून येतं. तीन शेरे ओळखीचे करून घ्या.

'एक्सक्लूडेड बाय नोइंडेक्स टॅग' म्हणजे तुम्हीच गूगलला नोंदवू नको असं सांगितलंय. 'डिस्कव्हर्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड' म्हणजे पत्ता कळलाय, अजून येऊन वाचलेलं नाही. 'क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड' म्हणजे आला, वाचलं आणि न घेता परत गेला. हा तिसरा शेरा सगळ्यात बोचरा. त्याच्याकडे चौथ्या पायरीत येऊ.

दादाच्या साइटवर पहिला शेरा होता.

पायरी २: आतून लावलेली कडी काढा

दादाची साइट वर्डप्रेस या साइट बनवायच्या साधनावर केलेली होती. त्यात 'सेटिंग्ज', मग 'रीडिंग' उघडलं की तळाशी एक चौकोन असतो: 'डिस्करेज सर्च इंजिन्स फ्रॉम इंडेक्सिंग धिस साइट'. साइटचं काम चालू असताना अर्धवट पानं गूगलवर दिसू नयेत म्हणून त्यात टिचकी मारून ठेवतात. ठीकच आहे. काम संपल्यावर ती काढायची असते. दादाच्या साइटवर ती तशीच होती. फळ तयार झालं, पहिली तोड झाली आणि एवढे दिवस साइट प्रत्येक पानावरून गूगलला सांगत होती की मला घेऊ नकोस. गूगलने ऐकलं.

साइट करणाऱ्याला शिव्या घालण्यात अर्थ नाही. ही चूक मीही एकदा केली आहे आणि ती मला गिऱ्हाइकाने दाखवून दिली.

चौकोन रिकामा केल्यावर रोबॉट्स डॉट टीएक्सटी ही फाइल बघा. साइटच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन हे नाव टाकलं की ती ब्राउझरमध्ये उघडते. त्यात 'डिसअलाउ' आणि त्यापुढे नुसती एक तिरकी रेघ असेल, तर साइटचं फाटकच बंद आहे. इथे एक गफलत नेहमी होते. रोबॉट्सची फाइल गूगलला पान वाचू देत नाही. नोइंडेक्सची खूण पान नोंदवू नको म्हणते. दोन्ही एकदम लावलं तर गूगलला पान उघडताच येत नाही, म्हणून आतली नोइंडेक्सची खूण त्याला दिसत नाही, आणि दुसरीकडच्या दुव्यावरून तो नुसता पत्ता नोंदवून मोकळा होतो. मजकुराशिवाय नुसता पत्ता निकालात दिसला तर हेच झालेलं असतं.

मग साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांच्या पत्त्यांची यादी. वर्डप्रेस ५.५ पासून, म्हणजे २०२० पासून, तो आपोआप तयार होतो. फक्त त्याचा पत्ता सर्च कन्सोलमध्ये देऊन यायचं. एका साइटमॅपमध्ये ५०,००० पत्ते मावतात, दादाच्या साइटवर अकरा होते. कोणत्या पानाला किती महत्त्व, ते किती दिवसांनी बदलतं, असे आकडे त्यात भरत बसू नका. गूगल ते बघत नाही. शेवटच्या बदलाची तारीख खरी असेल तर मात्र तिचा उपयोग होतो.

शेवटी पहिल्या पानाचा पत्ता पुन्हा तपासून 'रिक्वेस्ट इंडेक्सिंग' दाबा. एकदाच. दिवसाला दहा वेळा दाबल्याने रांगेत पुढे जाता येत नाही, उलट त्या दिवसाचा कोटा संपतो. बिंगचं असंच साधन आहे आणि तिथे सर्च कन्सोलमधली माहिती एका झटक्यात ओढून घेता येते. पाच मिनिटांचं काम, करून टाका.

डोमेन नवं घेतलंय असं वाटलं तरी त्याला भूतकाळ असू शकतो. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये पत्ता टाकून बघा. तिथे जुगाराची किंवा औषधांची जुनी साइट निघाली तर सर्च कन्सोलमधला 'मॅन्युअल ॲक्शन्स' हा भागही बघून घ्या. गूगलच्या माणसांनी साइटवर हाताने कारवाई केली असेल तर ती तिथे दिसते. दादाचं डोमेन कोरं होतं.

पायरी ३: मराठी मजकूर गूगलला वाचता येतोय का?

इंग्रजी मार्गदर्शनात हा भाग सापडणार नाही, आणि मराठी साइटवर तर सगळी गोम बऱ्याचदा इथेच असते.

'आमच्याबद्दल' हे पान दादाने जुन्या माहितीपत्रकावरून दिलं होतं. ते पत्रक कणकवलीतल्या छापखान्यात श्री-लिपीत जुळवलेलं. अशा जुन्या फाँटांत पडद्यावर 'क' दिसतो, पण संगणकाच्या लेखी ते दुसरंच एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असतं. तो मजकूर साइटवर चिकटवला की कचरा दिसतो. मग बनवणाऱ्याने काय केलं असेल? पत्रकाचा फोटो काढून लावला. माणसाला छान वाचता येतं. गूगलच्या लेखी त्या पानावर एक चित्र आहे आणि शब्द म्हणावे तर शून्य.

तपासायची पद्धत सोपी आहे. साइटवरचं एक वाक्य निवडा, कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. निवडताच आलं नाही तर ते चित्र आहे. निवडता आलं पण पोचताना भलतीच अक्षरं झाली तर तो जुना फाँट आहे. दोन्ही वेळा औषध एकच, मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर मराठी टाइप होते त्या आजच्या पद्धतीत, पुन्हा टाइप करणं. श्री-लिपीतून युनिकोड करून देणारी साधनं आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्यांखालून घालावेच लागतात.

एक बारीक गोष्ट. 'शेतकऱ्यांचा' या शब्दातला अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी लिहिला जातो: नुक्त्याच्या ऱ ला हलन्त लावून, किंवा साध्या र ला हलन्त आणि त्यामागे न दिसणारं जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही जवळपास सारखेच दिसतात, पण ब्राउझरमध्ये एक शोधलं तर दुसरं सापडेलच असं नाही. मी सगळ्या साइटभर पहिली तऱ्हा ठेवतो आणि शीर्षकात असे शब्द आले तर खास बघतो.

आता पत्त्याची गंमत. दादाच्या साइटवर नंतर आम्ही 'हापूस आंब्याची आढी कशी लावावी' असा लेख टाकला. वर्डप्रेस शीर्षकावरून पानाचा पत्ता आपोआप बनवतं. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, म्हणजे काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त सगळं वेगळं मोजून, पत्त्यात टक्क्याच्या खुणांसकट ९ जागा खातं, आणि वर्डप्रेस २०० जागांवर कात्री लावतं. म्हणजे बावीसएक चिन्हांत खेळ खलास. आमचा पत्ता तयार झाला तो 'हापूस-आंब्याची-आढी-कशी-ला'. दादा म्हणाला, "ला काय? लाव की लाडू?"

गूगलला देवनागरी पत्ता चालतो, त्याने क्रमांक खाली जात नाही. पण तोच पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवला की बऱ्याचदा टक्के आणि आकड्यांची लांबलचक माळ होते आणि माणूस त्यावर टिचकी मारायला बिचकतो. म्हणून मी पत्ता रोमन लिपीत दोन-तीन शब्दांचा हाताने भरतो, आणि शीर्षक, मजकूर सगळं मराठीत. पत्ता पान प्रसिद्ध करण्यापूर्वीच ठरवा. नंतर बदललात तर जुन्यावरून नव्यावर कायमचं वळण (रीडायरेक्ट) लावून द्यावं लागतं.

पायरी ४: 'आला, वाचलं, परत गेला'

कडी काढल्यावर आठवडाभरात पहिलं पान नोंदवहीत आलं. अकरापैकी चार पानं मात्र 'क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड'मध्ये अडकली. 'एक डझन पेटी', 'दोन डझन पेटी', 'चार डझन पेटी', 'पाच डझन पेटी'. चारही पानांवर तेच तीन परिच्छेद, फक्त आकडा वेगळा. ते परिच्छेदही दुसऱ्या कुठल्या तरी आंबेवाल्याच्या साइटवरून उचललेले निघाले.

गूगल सगळ्या जगाची सगळी पानं ठेवत बसत नाही. ठेवायला आणि पुन्हापुन्हा वाचायला पैसा लागतो. ओळख नसलेल्या साइटवर सारखीच पानं दिसली तर तो एक ठेवतो, कधी एकही नाही. आम्ही चार पानांचं एक केलं, खाली आकारानुसार तक्ता दिला. वर्डप्रेस आपणहून बनवतं ती टॅगची, लेखकाची, महिन्यांची पानंही बंद केली. पाच लेखांना बारा टॅग म्हणजे बारा पोकळ पानं. सगळी पानं नोंदवहीत असलीच पाहिजेत असं नाही. सर्च कन्सोलमधून अमुक पानं घेतली नाहीत असे ईमेल येतात, त्यातली निम्मी यादी वाचून सोडून देण्यासारखी असते.

इथेच एक मोह आवरायचा. पानं कमी पडतात म्हणून एआयकडून शंभर लेख लिहून घ्यायचे आणि एका रात्रीत टाकायचे, हा सल्ला हल्ली फार मिळतो. मार्च २०२४ मध्ये गूगलने स्पॅमविषयीचे नियम कडक केले. क्रमांकासाठी ढिगाने पाडलेला मजकूर, मग तो यंत्राने लिहिलेला असो वा माणसाने, त्यात सरळ सापडतो. जुन्या, नाव असलेल्या साइटकडे गमावण्यासारखं काही तरी असतं. नव्या साइटची पहिली ओळखच 'ढीग पाडणारी' अशी होणार असेल तर ती पुसायला फार दिवस जातात.

पायरी ५: मोठ्या शब्दांच्या नादी लागू नका

दादाला 'हापूस आंबा' या दोन शब्दांवर पहिला नंबर हवा होता. त्या शब्दांच्या निकालात कोण बसलंय ते आम्ही दोघांनी मिळून पाहिलं: विश्वकोशासारखी पानं, वर्तमानपत्रं, मोठ्या विक्री कंपन्या. यातल्या काही साइट वीस वर्षांच्या आहेत. एएचरेफ्स या कंपनीने २०१७ साली केलेल्या पाहणीत नव्या पानांपैकी जेमतेम ५.७ टक्के पानं वर्षभरात कुठल्या ना कुठल्या शब्दासाठी पहिल्या दहांत पोचली होती, आणि पहिल्या दहांतलं सरासरी पान दोन वर्षांहून जुनं होतं. दीड महिन्याच्या साइटने तिथे डोकं आपटण्यात हशील नाही.

मी त्याला विचारलं, "गिऱ्हाईक फोनवर काय काय विचारतं?"

मग तो सुटलाच. पेटीत किती डझन? चार डझनाच्या पेटीतलं फळ मोठं की सहा डझनाच्या? फळ हिरवं आलंय, पिकवायचं कसं? फ्रिजमध्ये ठेवू का? कापल्यावर मधे पांढरट, फुसका भाग निघाला, तुम्ही फसवलंत काय? हा कर्नाटकचा तर नाही? सालीवर सुरकुत्या आल्या, टाकून देऊ? कुरिअरने नागपूरला किती दिवसांत येईल? एप्रिलचा महाग आणि मेचा स्वस्त असं का?

मी ते सगळं वहीवर उतरवून घेतलं. हीच त्याच्या साइटची पानं. असे प्रश्न महिन्याला थोडेच लोक विचारतात, म्हणून मोठ्या साइट त्यांच्यावर मेहनत घेत नाहीत. आणि उत्तर खरंखुरं माहीत असलेला माणूस इथे फोनच्या दुसऱ्या टोकाला बसला होता.

आढीचंच घ्या. इंटरनेटवर 'आंबा गवतात ठेवून पिकवा' एवढंच सगळीकडे होतं. दादाने सांगितलं ते असं: भाताचा पेंढा कोरडा आणि नवा घ्यायचा, जुन्याला कुबट वास येतो आणि तो फळाला लागतो. खाली थर, त्यावर फळं एकमेकांना न रेटता, वर पुन्हा थर. थरावर थर फार चढवायचे नाहीत, खालचं फळ दबतं. मुंबईच्या फ्लॅटमध्ये पेंढा नसेल तर पेटीतलाच पेंढा टाकून न देता वापरायचा आणि पेटी पलंगाखाली सरकवायची. रोज उघडून बघायचं, तयार झालेलं फळ वेगळं काढायचं. कच्चं फळ फ्रिजमध्ये गेलं की संपलं, ते मग धड पिकत नाही. हे त्याच्या शब्दांत लिहून घेतलं आणि त्याच्याच आढीचे फोटो लावले: पहिला दिवस, चौथा, आठवा, दहावा. हा मजकूर दुसऱ्या कोणाकडे असणंच शक्य नाही.

कापल्यावर निघणाऱ्या पांढऱ्या भागाला कोकणात साका म्हणतात. बाहेरून तो ओळखता येत नाही, हे दादाने पानावर स्वच्छ लिहायचं ठरवलं आणि साका निघालेल्या फळाचा फोटो पाठवला तर काय भरपाई देतो तेही लिहिलं. मला आधी वाटलं, गिऱ्हाईक बिचकेल. पुढे फोनवर लोक हेच पान वाचून आल्याचं सांगू लागले. (दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेल्या 'रत्ना' जातीत साका होत नाही. दादाला तो आंबा मान्य नाही, पण तो वेगळा वाद.)

गूगल मजकुराचा दर्जा तपासायला माणसं नेमतं. त्यांच्यासाठीच्या मार्गदर्शिकेत डिसेंबर २०२२ मध्ये 'अनुभव' हा शब्द मुद्दाम घातला गेला. या माणसांच्या गुणांवरून तुमचा क्रमांक ठरत नाही, पण गूगलला काय शोधायचंय ते त्यावरून कळतं. म्हणून पानावर लिहिणारा कोण, बाग कुठल्या गावात, किती वर्षांची, हे सांगा. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याची नोंदणी असेल तर प्रमाणपत्र दाखवा. आरोग्य, औषधं, पैसे, कायदा असे विषय असतील तर ही अट आणखी कडक होते. तिथे नवख्या साइटला खरोखर कठीण जातं आणि ते एका अर्थी बरंच आहे.

लोक कोणत्या लिपीत शोधतात तेही बघा. मराठी माणूस मराठी प्रश्न बऱ्याचदा रोमन लिपीत टाइप करतो. त्यासाठी रोमन लिपीतली मराठी वाक्यं पानात कोंबायची गरज नाही, वाचायला ती भयंकर दिसतात. पुण्या-मुंबईचं अमराठी गिऱ्हाईक हवं असेल तर विक्रीच्या पानाची वेगळी इंग्रजी आवृत्ती नीट लिहून काढा, यंत्राने भाषांतर करून टाकू नका. आणि कीवर्डचा तो जुना मेटा टॅग, म्हणजे पानाच्या कोडात लपवून लिहायची शब्दांची यादी, गूगल विचारात घेत नाही, हे त्याने २००९ सालीच जाहीर केलंय. अजूनही साइट बनवणारे त्याचे पैसे लावतात.

पायरी ६: कोणी तरी तुमचं नाव घ्यायला हवं

लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये पेजरँकची कल्पना मांडली ती अशी, की एका पानाने दुसऱ्याला दिलेला दुवा म्हणजे त्याने घातलेला शब्द, आणि वजनदार पानाच्या शब्दाला वजन जास्त. तेव्हापासून बरंच पाणी वाहून गेलं, पण नवी साइट मागे राहण्याचं हे कारण तेच आहे: तिच्यासाठी शब्द घालणारं कोणी नसतं.

हा शब्द विकत घेता येतो का? व्हॉट्सॲपवर 'दोन हजारांत पाचशे बॅकलिंक', म्हणजे दुसऱ्या साइटवरून येणारे दुवे, असे संदेश दादालाही आले. एप्रिल २०१२ मध्ये क्रम लावण्याच्या पद्धतीत केलेल्या पेंग्विन या बदलापासून गूगल असे दुवे हुडकतंय. बहुतेक वेळा तो ते मोजतच नाही, म्हणजे दोन हजार गेले. वाईटात वाईट म्हणजे साइटवर हाताने कारवाई होते.

आम्ही काय केलं ते सांगतो. पेट्यांसाठी लाकूडकाम करणाऱ्याची साइट होती, तिथे 'आमचे ग्राहक' मध्ये नाव आलं. दादा ज्या बागायतदारांच्या संघात आहे त्यांच्या सदस्यांच्या यादीत नुसतं नाव होतं, तिथे दुवा जोडून घेतला. पुण्यातल्या एका गिऱ्हाईक बाई खाद्यपदार्थांवर लिहितात. त्यांना आढीचे फोटो वापरायला दिले, त्यांनी खाली पत्ता दिला. चार महिन्यांत सहा दुवे. आकडा किरकोळ वाटेल. पण प्रत्येकाच्या मागे खरा माणूस होता.

साइटच्या आतले दुवेही विसरू नका, ते तर तुमच्याच हातात आहेत. आढीच्या पानावरून पेटीच्या पानाकडे, साक्याच्या पानावरून भरपाईकडे. कुठूनच वाट नसलेलं पान गूगललाही आडबाजूचं वाटतं.

पायरी ७: नकाशावर नाव घाला

दुकान, दवाखाना, खानावळ, होमस्टे असं काही असेल तर ही पायरी खरं म्हणजे दुसऱ्या क्रमांकावर आणा. गूगल बिझनेस प्रोफाइल फुकट आहे आणि नकाशातल्या निकालांत साइटच्या वयापेक्षा तीन गोष्टी बघितल्या जातात: शोधाशी मेळ, अंतर, आणि धंद्याचं नाव किती आहे ते. नावाच्या जागी पाटीवरचं नावच लिहा. 'अमुक आंबेवाले देवगड हापूस स्वस्त होलसेल' असलं लिहिलं तर प्रोफाइल बंद होऊ शकतं. अभिप्राय मागा, पण त्याबदल्यात सूट देऊ नका, तेही नियमाबाहेर आहे.

पायरी ८: वेग बघा, पण त्यातच अडकू नका

मालकाला साइट लॅपटॉपवर दाखवली जाते, गूगल ती मोबाइलच्या नजरेने वाचतं. मोबाइलवर मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत हालचाल व्हावी, आणि वाचता वाचता पान उड्या मारू नये. दादाच्या साइटवर ड्रोनचा तो एक फोटोच नऊ एमबीचा होता. तो दोनशे केबीवर आणला, काम झालं. एवढं झाल्यावर शंभरपैकी शंभर गुणांच्या मागे धावण्यात दिवस घालवू नका. मजकूर पोकळ असलेली वेगवान साइट वर आलेली मी तरी पाहिलेली नाही.

पायरी ९: किती थांबायचं?

'सँडबॉक्स' हा शब्द २००४ च्या आसपास रूढ झाला: गूगल नव्या साइट काही महिने मुद्दाम बाजूला ठेवतं अशी समजूत. गूगल हे नाकारत आलंय. मे २०२४ मध्ये त्याची काही अंतर्गत कागदपत्रं बाहेर फुटली, त्यात साइटचं वय नोंदवणारा एक घटक होता आणि ताजा स्पॅम वेगळा ठेवण्यासाठी तो वापरत असल्याचा उल्लेखही. त्यावरून पुष्कळ चर्चा झाली. माझ्या कामात तिचा फरक पडत नाही. सँडबॉक्स असो वा नसो, करायचं तेच असतं.

गूगलच्याच माइली ओये यांनी २०१७ साली एका व्हिडिओत सांगितलं होतं की सुधारणा करून त्यांचा फायदा दिसायला बहुतेक वेळा चार महिने ते एक वर्ष लागतं. हंगामी धंद्यात हा हिशेब उलटा मांडा. आंब्याची विचारपूस फेब्रुवारीत सुरू होते. तेव्हा साइट पावसाळ्यातच उभी राहायला हवी, आणि जानेवारीत फक्त भाव आणि तारखा बदलायच्या. हंगाम संपला की पान काढून टाकून पुढच्या वर्षी नवं करू नका. तेच पान, तोच पत्ता ठेवा, वर 'पुढची तोड मार्चमध्ये' असं लिहा.

मधल्या काळात आठवड्यातून एकदा सर्च कन्सोलमधला 'परफॉर्मन्स' हा भाग बघा. सुरुवातीला टिचक्या शून्यच असतात. 'इंप्रेशन' बघायचे, म्हणजे तुमचं पान किती वेळा निकालात आलं. शब्दांची यादी काढा आणि सरासरी क्रमांक आठ ते वीसच्या मधले शब्द हेरा. ती पानं उंबरठ्यावर आहेत. त्यांचं शीर्षक नीट करा, राहिलेलं उत्तर भरा, दुसऱ्या पानांवरून दुवे द्या. मग दोन-तीन आठवडे हात लावू नका. रोज शीर्षक बदलणाऱ्याला कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही. आणि हो, गूगलला जाहिरातीचे पैसे दिल्याने साधे निकाल वर येत नाहीत. जाहिरात द्यायची तर त्या हंगामाची विक्री म्हणून द्या. दादाने त्या एप्रिलमध्ये दिली, आणि ते बरोबरच होतं, कारण फळ तोपर्यंत थांबणार नव्हतं.

पहिला हंगाम तसाच गेला. साइटवरून आलेल्या मागणीत पेट्या गेल्या त्या बोटांवर मोजण्याएवढ्या. ऑक्टोबरमध्ये आढीचं पान पंधराव्या क्रमांकाच्या आसपास दिसू लागलं, जानेवारीत सहाव्या. साक्याचं पान त्याच्याही पुढे गेलं. 'हापूस आंबा' या शब्दांवर साइट अजून कुठेच नाही, आणि दादा अजून अधूनमधून ते शोधून बघतो. आता तो फोन आल्यावर पहिल्यांदा 'खंयसून कळला?' असं विचारतो आणि वहीत लिहून ठेवतो. परवा त्याने त्या वहीच्या पानाचा फोटो पाठवला. वरून तिसरी ओळ होती: 'डोंबिवली, दोन पेट्या, आढी वाचून.'